देवाच्या घरातली पेटी

मोहाचा वास दारूसारखा येतो असं म्हणणाऱ्यांनी दारू पाहिलेली असते, मोह नाही. झाडाखाली नुकतं पडलेलं फूल उचलून नाकाशी धरा. कच्च्या दुधात गूळ कालवल्यासारखा वास येतो त्याला. वाळायला घातलं की तो जड होत जातो, अंगणात भरतो, कपड्यांना लागतो, आणि मग शहरातल्या माणसांचं डोकं दुखायला लागतं. आमच्या गडचिरोलीच्या घराच्या गच्चीवर दरवर्षी होळीनंतर मी मोह पसरते. भाचा गावाकडून पोतं भरून आणून टाकतो. यंदा शेजारच्या मास्तरीणबाई जिन्यातून वर आल्या, नाकाला पदर लावून म्हणाल्या, "आजी, वास फारच येतो हो." म्हटलं, येऊ द्या. नव्वदीला टेकलेल्या बाईच्या गच्चीवर अत्तर वाळणार आहे का?

त्याच संध्याकाळी रेशमाने, माझ्या नातीने, टीव्हीवर एक माहितीपट लावला. ती नागपूरला वकिली शिकते. सुट्टीत आली की माझ्यासाठी काहीबाही लावते आणि मधेमधे थांबवून मराठीत सांगते. हा अमेरिकेतला होता. काळ्या माणसांना मत देऊ देत नव्हते, त्याबद्दलचा. पडद्यावर एक म्हातारी काळी बाई बसली होती. डोक्यावर टोपी, अंगात चांगला झगा, मांडीवर पर्स. तरुणपणी ती मतदार म्हणून नाव लावायला कचेरीत गेली, तेव्हा साहेबाने तिला विचारलं म्हणे, की साबणाच्या एका वडीत बुडबुडे किती? सांग, आणि मग नाव लाव.

रेशमाने चित्र थांबवलं. तिचे डोळे भरले होते. "आजी, असं कुणी विचारतं का गं? याला काय उत्तर असतं?"

मी त्या बाईच्या तोंडाकडे बघत होते. ती हसत होती, पण ओठ मिटून. मी म्हटलं, "ह्या बाईले मी ओळखते."

रेशमाला वाटलं आजीचं डोकं फिरलं. फिरलेलं नव्हतं. गच्चीवरून मोहाचा वास जिन्याने खाली उतरत होता आणि माझ्यासमोर आमच्या गावची जुगरी काकी बसली होती. तसंच मिटल्या ओठांनी हसणारी, डाव्या हाताच्या बोटाला शाई लागलेली. त्याच हंगामात, एका पहाटे मोह वेचताना धरून, तिला स्वतःच्या मोहाच्या झाडाला बांधून मारलं, तिची टोपली तिच्यासमोर जाळली आणि गावाबाहेर हाकललं. पुढे ती इंद्रावतीपलीकडे माहेरी गेली म्हणतात. मला ती परत दिसली नाही.

एकोणीसशे सत्तावन सालची गोष्ट आहे, देशातल्या दुसऱ्या मोठ्या निवडणुकीची. तेव्हा गडचिरोली जिल्हा नव्हता, सगळा चांदाच होता. आमचं गाव धानोऱ्याच्या पुढे, जिथे बैलगाडीची वाट संपते आणि पायवाट सुरू होते तिथलं. गोंडांची घरं, एक नाला, भोवती जंगल. आम्ही घरात गोंडी बोलायचो. मी इथे जे लिहिते आहे ते आमच्याकडच्या मराठीत उतरवून लिहिते आहे, नाहीतर रेशमालासुद्धा वाचता यायचं नाही.

मोहाचा हंगाम म्हणजे आमचं दुसरं पीक. खरं तर पहिलंच. भात पिकलं तर पिकलं, मोह मात्र कधी दगा देत नाही. फुलं गळायला लागायच्या आधी बाया झाडाखालचा पालापाचोळा जाळून जमीन काळी करतात, मग झाडून घेतात. त्या काळ्या जमिनीवर पहाटे पांढरी फुलं पडतात ती लांबून दिसतात. अंधुक असतानाच निघायचं, कारण उशीर केला तर हरणं खातात, आणि फारच लवकर गेलं तर अस्वल भेटतं. वाकून वाकून वेचायचं. कमरेचा काटा ढिला होतो, बोटं चिकट होतात, आणि पोरं टोपलीतलं निम्मं खाऊन मोकळी होतात. उन्हं चढली की गळणं थांबतं. मग घरी येऊन अंगणात पसरायचं आणि दिवसभर कोंबड्या हाकायच्या.

आणि झाडं वाटलेली असत. सरकारच्या कागदावर नव्हे, गावच्या तोंडावर. अमक्याच्या आजाने राखलेलं झाड अमक्याचं. दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल उचलणं म्हणजे दुसऱ्याच्या चुलीवरची भाकर उचलणं.

जुगरी काकीचं झाड नाल्याच्या चढावर होतं. गावात तेवढं गोड फूल कुणाच्याच झाडाचं नव्हतं. नवरा ठेकेदाराच्या कामावर लाकडाखाली सापडून मेला. लेकरू नव्हतं. दिवस झाले, जेवण झालं, आणि गावचा पाटील म्हणाला, झाड आमच्या कुळाचं आहे, पुरुष उरला नाही, तेव्हा ते आता माझ्याकडे. पाटील म्हणजे तिच्या नवऱ्याचा थोरला चुलत भाऊ. काकीचा भासरा.

आता ही गोष्ट कळली नाही तर पुढचं काहीच कळणार नाही. आमच्यात बाई भासऱ्याशी बोलत नाही. त्याचं नाव घ्यायचं नाही, त्याच्यासमोर खाटेवर बसायचं नाही, त्याची सावलीही अंगावर पडू द्यायची नाही. तो समोरून आला तर आपण वाट सोडून उभं राहायचं, पाठ करून. मग ज्याने झाड घेतलं त्यालाच बोलता येत नाही म्हटल्यावर भांडायचं कुणाशी? काकी तोंडाची फटकळ होती, अख्ख्या गावाला शिव्या घालायची, पण त्या एका माणसापुढे तिचं तोंड शिवलेलं. दोन हंगाम तिने दुसऱ्यांच्या झाडांखाली मजुरीने वेचलं. तिचं झाड चढावर दिसत राहायचं. ती तिकडे बघायची आणि म्हणायची, "पाह्य कसं हसून राह्यलं माह्यावर."

त्या वर्षी बाजाराच्या दिवशी एक उमेदवार बैलगाडीवर उभा राहून बोलला. पांढरे कपडे, घामेजलेलं तोंड, चांद्याकडची मराठी. त्याची निशाणी सूप. तो म्हणाला, जंगल तुमचं आहे, आणि मोहाचं झाड जो वेचतो त्याचं. निवडून दिलं तर हे मी करून दाखवीन. बाजारात कुणी ऐकलं, कुणी मीठ घेत राहिलं. काकी टोपली खाली ठेवून गाडीच्या चाकाशी उभी राहिली ती भाषण संपेपर्यंत हलली नाही.

परतताना वाटभर माझ्याशी बोलत होती. मी तेव्हा वीसची. मताला एकवीस लागायची, त्यामुळे माझं नाव कुठेच नव्हतं. तिचं होतं. "पोरी, भासऱ्याले मले तोंडानं सांगता येत नाई, झाड सोड म्हणून. पण कागदानं सांगता येते. कागद त्या सुपाच्या पेटीत टाकला, का तो मानूस दिल्लीले जाऊन सांगते, का दिल्लीवाला याले सांगते, जुगरीचं झाड सोड." मला हसू आलं नाही. मलाही तसंच वाटत होतं.

तेव्हा मताची पद्धत निराळी होती. शिक्का मारायचा नसे. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, तिच्यावर त्याची निशाणी चिकटवलेली. पेट्या पडद्यामागे ठेवलेल्या. हातात कागद मिळायचा, तो आपल्या पेटीत टाकायचा. चुकू नये म्हणून काकी रोज सराव करायची. अंगणात दोन टोपल्या मांडायची. एकीवर सूप ठेवायची, दुसरीवर हंडा, कारण पाटलाच्या माणसाची निशाणी हंडा होती. मोहाचं पान घडी करून हातात घ्यायची, डोळे मिटून आत जाण्याचं सोंग करायची, आणि पान सुपाखालच्या टोपलीत सोडायची. मग शेजारणींना करायला लावायची. बाया हसून हसून लोळायच्या. एकीने पान हंड्यात टाकलं तर काकीने तिला झाडूने झोडपलं. "बाई, तू तुह्या सासूले मत देऊन आली!" पाला झाडता झाडता झाडाझाडाखाली हीच थट्टा चालायची. पाटलाच्या घरी दारूसाठी फुकट मोह द्यावा लागतो, याचा राग प्रत्येकीला होता. तो त्या पानांमधून बाहेर पडत होता.

हे पाटलाच्या कानावर गेलंच असेल. त्याने कुणाला दटावलं नाही. काठी उगारली नाही. तो फक्त चांद्याहून आलेल्या माणसांना म्हणाला, "साहेब, पेट्या ठेवाले शाळा नाई गावात. आमचा गोटुल घ्या. छप्पर चांगलं आहे." गोटुल म्हणजे गावाचं बैठकीचं घर. आमच्या गोटुलाच्या दारात देवाचा खांब रोवलेला. सगळ्या बैठका, सगळे न्याय त्याच्या साक्षीने. साहेब लोक खूश झाले. मग पाटलाने गावात दवंडी दिली, की सगळ्यांनी मत द्या, बायांनीही द्या. फक्त पेटी देवाच्या घरात आहे, तेव्हा जी बाई कुरम्यात असेल तिने येऊ नये. आणि येणाऱ्या प्रत्येकीने खांबावर हात ठेवून सांगायचं.

कुरमा म्हणजे पाळी. त्या दिवसांत आमच्याकडच्या बायका गावाच्या कडेला कुरमाघरात राहतात. बांबूच्या ताट्यांची, शेणामातीने लिंपलेली खोपटी. दार एवढंसं की वाकून शिरायचं. आत गवत, कोपऱ्यात मडकं. घरून भाकर येते ती लांबून ठेवली जाते. पावसात गळतं, थंडीत वारा येतो, आणि साप तर येतोच. आता या घरांविरुद्ध लोक बोलतात, सरकारने काही ठिकाणी पक्की बांधली, त्याला आणखी बरं नाव दिलं. मला त्या वादात पडायचं नाही. मी त्यात राहिले आहे. आम्हाला ते वाईट वाटत नव्हतं असं म्हणणाऱ्याला मी एक पावसाळी रात्र तिथे ठेवीन.

तर मतदानाच्या आदल्या दिवशी मी कुरमाघरात होते, आणि दुपारी काकी वाकून आत आली. मी तिच्या तोंडाकडे बघितलं. ती गवतावर बसली आणि कपाळावर हात मारून घेतला. "आजच यायचं होतं मेल्याले. सारा महिना मोकळा पडला होता."

मी म्हटलं, "काकी, आता?"

"आता काय. देव आहे, भासरा आहे, आन् माहं पोट आहे. तिघं मिळून ठरवतील." मग ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. रडली नाही. बांबूच्या फटीतून चढावरचं झाड दिसत होतं. नवी तांबडी पालवी फुटायला लागली होती, फुलांचे झुबके लटकले होते.

मतदानाचा दिवस उजाडला. कुरमाघरातून गोटुलाचं अंगण दिसायचं, मधे नुसतं मोकळं शेत. खांबाजवळ पाटलाची म्हातारी आई खाट टाकून बसली होती. पुरुष सरळ आत जात होते, हसत बोटाला शाई लावून बाहेर येत होते. बाया मात्र म्हातारीपाशी थांबत होत्या. बोलणं ऐकू येत नव्हतं. थोड्या वेळाने एक बाई रांगेतून निघाली, मान खाली घालून शेत तुडवत आमच्याकडे आली आणि वाकून आत शिरली. सरपण गोळा करणारी मैनी. मी विचारलं, "तुही पाळी आली का?"

"नाई." ती बसली. "म्हातारीनं मोठ्यानं इचारलं. साहेब होता, पोलीस होता, माहा सासरा होता. म्हणे, कुरम्यात आहेस का, कधी झाली, ठेव हात खांबावर अन् सांग. मी काय सांगू तिथी? लाज आली मले. निघून आली."

"मंग इथी काऊन आली?"

"घरी गेली तर म्हणतील, शुद्ध होती तर मत काऊन नाई दिलं?"

त्यानंतर दुसरी आली. मग तिसरी. एक ओली बाळंतीण, तिला म्हातारीने सांगितलं, तुझं अजून पुरतं फिटलेलं नाही. एकीची तारीख उद्या-परवावर होती, आत पाऊल टाकल्यावर आली तर देव लेकरं खाईल म्हणून घाबरली. दुपारपर्यंत त्या खोपटीत पाय ठेवायला जागा उरली नाही. शेवटी सोमरी बुढी आली, जिचं सगळं आटून युग लोटलं होतं. तिला बघून आम्हाला हसू फुटलं. "आजी, तूही?" बुढी चिडली. "मले इचारते ती भवानी! माह्या नातवाच्या वयाच्या साहेबापुढं इचारते! थुकली मी." थुंकली ती खांबाजवळ नव्हे, वाटेत. आणि मत न देता आली ती आलीच.

काठी नाही. बंदूक नाही. एका म्हातारीच्या तोंडी एक प्रश्न ठेवला आणि गावातल्या बाया एका खोपटीत येऊन बसल्या. बिचारा साहेब म्हणे मधेच म्हणाला, "बायका फार कमी येताहेत." पाटील म्हणाला, "आमच्या बाया लाजऱ्या आहेत साहेब." साहेबाने कोंबडीचा रस्सा खाल्ला आणि मान डोलावली.

 मग काकी उठली. नाल्यावर जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं. कोरडं लुगडं नेसली. केस मागे घट्ट बांधले. कुणीतरी म्हणालं, "जुगरे, देवाचा खांब आहे तो." ती म्हणाली, "मले माहीत आहे कोनाचा आहे." आणि शेतातून सरळ चालत गेली. आम्ही सगळ्या ताट्यांच्या फटींना डोळे लावून बसलो. म्हातारीपुढे ती उभी राहिली. तिने हात उचलला, खांबावर ठेवला. भासरा तिथेच होता म्हणून तोंड दुसरीकडे वळवलेलं, पण हात खांबावर. मग ती आत गेली. 

ती बाहेर आली तेव्हा घरी जाईल असं आम्हाला वाटलं. पाच-सहा दिवस घरात गुपचूप काढले असते तर कुणाला काही कळलं नसतं. आम्ही सगळ्या जिभा चावून बसलो असतो. पण काकी शेत तुडवत परत कुरमाघरात आली, वाकून आत शिरली, आपल्या जागेवर बसली. मी तिच्यावर ओरडलेच. "परत काऊन आली? घरी जा ना!"

ती माझ्याकडे बघतच राहिली. मी काही वेडंवाकडं बोलल्यासारखी. "घरी धान्य आहे. नवऱ्याचा देव आहे. तिथी कुरम्यात कशी जाऊ? एकदा खोटं बोलाचं होतं, बोलली. रोज रोज थोडीच बोलाचं आहे?" मग तिने बोट वर करून आम्हाला शाई दाखवली आणि मिटल्या ओठांनी हसली. बायांनी ते बोट हातात घेऊन पाहिलं. सोमरी बुढीने त्याला थुंकी लावून पाहिली, जाते का म्हणून. नाही गेली.

संध्याकाळी म्हातारी मुद्दाम कुरमाघरावरून गेली, कोण कोण आहे बघायला. दारात वाकली. आत अंधार होता, पण काकी भाकर खात होती आणि डावा हात मांडीवर होता. शाईचं बोट आणि कुरमाघर. आणखी साक्ष कशाला लागते?

पुढे मी चांद्याला दाईचं शिक्षण घेतलं, सरकारी दवाखान्यात नर्स झाले, आणि जन्मभर हाच एक प्रश्न विचारत राहिले. पाळी कधी आली? हजारो बायांना विचारला असेन. पण आधी पडदा ओढायचे, नवऱ्याला बाहेर घालवायचे, सासूला तर आधी घालवायचे, आणि मग कानाशी जाऊन हळू विचारायचे. नव्या पोरी म्हणायच्या, सिस्टर, एवढं काय, मोठ्याने विचारा ना, वेळ जातो. त्यांना कसं सांगणार? मी त्यांच्यावर खेकसायचे. दवाखान्यात माझं नाव खडूस सिस्टर पडलं ते त्यामुळेच. पडू दे.

गोटुलात न्याय झाला. काकीला आत बोलावलं नाही, ती शेतात उभी राहिली आणि निकाल तिला ओरडून सांगितला. देवाच्या खांबाला विटाळ झाला. गावाला डुक्कर, तांदूळ आणि दारू द्यायची, तोवर कुरमाघराबाहेर पडायचं नाही. ज्या बाईचं झाड काढून घेतलं तिने डुक्कर आणायचं कुठून? सगळ्यांना ते ठाऊक होतं. मैनीच्या नवऱ्याने तोंड उघडलं, तर पाटील म्हणाला, "तू देतो का तिच्या बदल्यात?" तो बसला. बाकीचेही बसलेच होते. माझे बाबासुद्धा.

आणि मोह तर गळायला लागला. त्या वर्षीसारखा मोह मी पुन्हा पाहिला नाही. पहाटे सगळं जंगल टपटप वाजायचं. काकी कुरमाघराच्या दारात बसून ऐकायची. पाटलाच्या घरच्या बाया तिच्या झाडाखालून टोपल्या भरभरून न्यायच्या. मी भाकर घेऊन जायचे तर ती मला सांगायची, आज फूल मोठं आहे, आज वाऱ्यानं नाल्यात गेलं, म्हाताऱ्या फांदीखाली कुनी झाडलं नाई, तिथी कुजून राह्यलं. तिची पाळी कधीच संपली होती. शाईसुद्धा नखाबरोबर वर सरकत चालली होती.

मग निकाल आला. सुपाचा माणूस निवडून आला.

मी ही बातमी घेऊन धावतच गेले. काकी उठून उभी राहिली आणि छपराला डोकं आपटलं तिचं. "आला? खरंच आला? माह्या कागदानं?" मी म्हटलं, हो. त्या बाईने मला उचलून घेतलं. वीस वर्षांच्या घोड्याएवढ्या पोरीला!

बातमी पाटलाकडेही गेली. तो काही दुःखाने झोपला नाही. दुसऱ्याच दिवशी धानोऱ्याला जाऊन नव्या साहेबांना गावाचं आमंत्रण देऊन आला. साहेब, आमचं गाव पहिल्यापासून तुमच्यामागं आहे. आणि एका सकाळी साहेब आले. तेच पांढरे कपडे, त्याच घामेजलेल्या तोंडावर आता गुलाल. ऊन तापायला लागलं होतं म्हणून पाटलाने सत्काराची खाट सावलीत टाकली. नाल्याच्या चढावर, काकीच्या झाडाखाली.

ढोल वाजले. पाटलाने हार घातला. पानाच्या द्रोणातून त्याच झाडाच्या फुलांची दारू दिली, पहिल्या धारेची. साहेबांनी ओठाला लावली आणि म्हणाले, वा. मग छोटंसं भाषण केलं. या गावात बायका मर्यादेने राहतात असं पाटलांनी मला सांगितलं, मला फार आनंद झाला, असं म्हणाले. झाडांबद्दल काही म्हणाले नाहीत. एक फूल त्यांच्या खांद्यावर पडलं ते त्यांनी झटकलं.

मी कुरमाघराच्या दारात काकीजवळ उभी होते. तिथून सगळं दिसत होतं. ती म्हणाली, "हाच ना तो?"

"हाच."

"माह्या कागदानं आला ना?"

"हो काकी."

"मंग जा, त्याले सांग. म्हणा, हे जुगरीचं झाड आहे. तू बोलला होता तसं कर. नाईतर झाडाखालून ऊठ." तिने मला ढकललं. "भासऱ्यापुढं मले बोलता येत नाई. तुले येते. जा."

मी गेले.  गर्दीतून पुढे झाले आणि साहेबांच्या पुढ्यात उभी राहून सगळं सांगितलं, जसंच्या तसं, मोठ्याने. पण भीतीने मराठी पळाली माझी. तोंडातून आली ती गोंडी. ढोल थांबले. गावाला एकूण एक शब्द कळला. साहेबांना एकही नाही. त्यांनी हसून पाटलाकडे बघितलं. "काय म्हणते मुलगी?"

पाटील जराही अडखळला नाही. म्हणाला, "साहेब, ती म्हणते, या झाडाची सावली तुमाले लाभो."

मी नाही नाही म्हणत होते. बाबांनी माझा दंड धरून मागे ओढलं. आणि साहेब, चांगले होते बिचारे, खाटेवर बसल्या बसल्याच त्यांनी माझ्याकडे वळून, मान लववून, दोन्ही हात जोडले.

परवा त्या माहितीपटाच्या शेवटी ती टोपीवाली बाई मत देऊन आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कायदा झाला, गाणं लागलं. रेशमा डोळे पुसत होती. मी विचारलं, "पुढं?"

"पुढे काय आजी? मिळाला ना हक्क."

"ते झालं. तिला पाहिजे होतं ते मिळालं का?"

"म्हणजे काय पाहिजे होतं?"

पोरीला कसं कळावं! मी वर गच्चीवर गेले. मोह हाताने खालवर केला. बोटं चिकट झाली.

त्या दिवशी मी रडत कुरमाघराकडे आले तर काकी दारात उभी होती. तोंडभर हसत. तिचे दात मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले असतील. मी म्हटलं, "काकी, पाटलानं उलटं सांगितलं त्याले. त्याले काईच समजलं नाई."

"हात जोडले ना त्यानं? मी पाह्यलं इथून."

"जोडले, पण त्याले वाटलं..."

"हट्! साऱ्या गावापुढं हात जोडून कोनी खोटं करते का? मी देवावर हात ठेवून एकदा खोटं बोलली, तर पाह्य, कशी भोगून राह्यली. तो का येडा आहे?" तिने पदराने माझं तोंड पुसलं. मग आत वळून छपरात खोचलेली टोपली काढली, झटकली. तिची कड एका बाजूने सुटली होती. ती दारातल्या उजेडात बसली आणि बांबूची ओली काडी दातात धरून कड विणायला लागली. "उद्या पहाटे लवकर जातो," म्हणाली, "अस्वल यायच्याही आधी."